तापमानच नाही, तर फेज ट्रान्झिशन कसलं? (भोवरे, खिळे आणि माझा अडकलेला प्रोजेक्ट)

रात्रपाळी_भोवरा

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यातच. मंगळवारी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन झालं, त्यात एका प्रश्नावर अशी अडकले की अजून डोक्यातून जात नाहीये.

विषय टाइप टू सुपरकंडक्टरमधल्या भोवऱ्यांचा, म्हणजे व्हॉर्टेक्सचा (चुंबकीय क्षेत्र ज्या बारीक नळ्यांमधून अतिवाहकात शिरतं, त्या नळ्या). सी मध्ये कोड लिहिलाय. 32 λ बाय 32 λ ची पेटी (λ म्हणजे क्षेत्र अतिवाहकात जितकं खोल शिरतं ते अंतर), समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडलेल्या, आत 512 भोवरे. भोवरे एकमेकांना दूर ढकलतात, मध्ये मध्ये वाटेल तिथे पिन, म्हणजे भोवऱ्यांना अडकवणाऱ्या जागा, विखुरल्यात. वस्तुमान नाही, नुसतं घर्षण, म्हणजे जेवढं बल तेवढा वेग. तापमान शून्य. मग सगळ्यांना उजवीकडे d एवढं ढकलायचं आणि तेवढंच डावीकडे. हा एक फेरा. फेरा संपला की मोजायचं, किती जण आपल्या जागी परत आले नाहीत.

d लहान असेल तर सुरुवातीला धक्काबुक्की होते, पण काही फेऱ्यांनी सगळे मुकाट जागेवर परत यायला लागतात. d मोठं असेल तर धक्काबुक्की संपतच नाही. मधला उंबरठा मला दिसतो. म्हणून मी स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "रिव्हर्सिबल ते इर्रिव्हर्सिबल फेज ट्रान्झिशन", म्हणजे जागेवर परत येणाऱ्या अवस्थेतून परत न येणाऱ्या अवस्थेत जाणं.

समोर बसलेले एक सर म्हणाले, "फ्री एनर्जी कुठाय? तापमान शून्य, समतोल नाही, पार्टिशन फंक्शन नाही. याला फेज ट्रान्झिशन म्हणायचं, तर विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिक जॅमला काय म्हणशील?" वर्ग हसला. मीपण हसले, दुसरं काय करणार.

खरी भीती पुढच्या स्लाइडची होती, ती त्यांनी विचारलीच नाही. माझा उंबरठा एका जागी थांबत नाही. 200 फेरे चालवले तर 0.62 λ येतो, 1000 चालवले तर 0.73, आणि 5000 चालवले (लॅपटॉप दोन रात्री चालू, खाली वही घालून) तर 0.765. मग हा उंबरठा आहे तरी का? की मी नुसती कंटाळेपर्यंत वाट बघतेय?

दोन्ही प्रश्नांवर कुणी बोलेल का? शनिवारपर्यंत सुधारित रिपोर्ट द्यायचाय. नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झालाय आणि माझी खोली नारायण पेठेत आहे, त्यामुळे विचार जे काही व्हायचे ते रात्री दहानंतरच.

कट्टा_सदाशिव

कोडमध्ये बग आहे. टाइमस्टेप निम्मा करून बघा. उंबरठा सरकतो म्हणजे न्यूमेरिकल एरर साठतेय. नव्वद टक्के वेळा हेच असतं.

जुना_खिळा

टाइमस्टेप निम्मा करून बघच, त्यात तोटा नाही. पण मला नाही वाटत बग असेल. उंबरठा चुकत असता तर वेडावाकडा चुकला असता. तुझा तर शिस्तीत सरकतोय. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी माझी ओळख, म्हणजे कितपत विश्वास ठेवायचा ते तुझं तू ठरव. मी मुंबईत सहा वर्षं हेलियमच्या ड्यूअरशेजारी (मोठा थर्मासच म्हणा) बसून याच भोवऱ्यांचं व्होल्टेज मोजलं. नॅनोव्होल्टमध्ये. इमारतीची लिफ्ट हलली की आलेखावर उंचवटा यायचा, म्हणून कामं रात्री दीडनंतर. आता हिंजवडीत एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, लिफ्ट हललेली कुणाला कळतही नाही.

सरांचा प्रश्न चुकीचा नाही. हसणारे चुकले. कारण ट्रॅफिकचा अभ्यास भौतिकवाले याच भाषेत करत आलेत, 1992 सालचं नागेल आणि श्रेकेनबर्ग यांचं मॉडेल काढून बघ. फ्री एनर्जी हे समतोलातल्या हिशेबाचं हत्यार आहे. लोखंड तापवलं की त्याचं चुंबकत्व जातं, तिथे ते हत्यार चालतं, कारण एका मांडणीतून दुसरीत जाण्याचा आणि तिथून परतण्याचा जमाखर्च जुळतो. तुझ्या पेटीत तो जुळतच नाही. सगळे भोवरे जागेवर परत येतील अशा मांडणीत एकदा पडलीस की पुढचा फेरा हुबेहूब मागच्यासारखा, त्याच्या पुढचाही तसाच. उंदराच्या पिंजऱ्यासारखं आहे हे, आत जायला दार आहे, बाहेर यायला नाही. अशा मांडणीला ॲब्सॉर्बिंग स्टेट म्हणतात. d वाढवत गेलं की एका ठरावीक जागी पिंजरा सापडेनासाच होतो. सापडणं आणि न सापडणं यांच्या सीमेवर सगळं तेच घडतं जे क्यूरी बिंदूच्या, म्हणजे लोखंडाचं चुंबकत्व जातं त्या तापमानाच्या, गोष्टीत शिकवतात. स्थिरावायला लागणारा वेळ अमर्याद वाढतो, एकमेकांची खबर लांबवर पोचू लागते, आणि घातांक असे येतात की आत भोवरे आहेत की वाळू हे त्यावरून ओळखता येत नाही. एवढं असल्यावर त्याला फेज ट्रान्झिशन न म्हणण्याचा हट्ट कशाला?

आता यातली गंमत. सर म्हणतात तापमान नाही. समज त्यांचं ऐकून तू तापमान घातलंस. उष्णतेचे बारीक धक्के शांत बसलेल्या भोवऱ्यांनाही अधूनमधून ढोसतात, म्हणजे पिंजऱ्याला मागून भोक पडतं. मग ना खरी शांत अवस्था उरते ना धारदार उंबरठा, सगळं गुळगुळीत होऊन जातं. लोहचुंबकावर बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की त्याचं ट्रान्झिशन जसं बुजतं, तसं. थोडक्यात, त्यांना जे हवंय ते घातलं तरच तुझ्या स्लाइडचं शीर्षक खोटं ठरेल. हे त्यांना याच शब्दांत सांगू नकोस.

मी हे स्वतःला लेझमीवरून समजावलं होतं. शाळेच्या मैदानात साठ मुलं वाटेल तशी उभी केलीत, चार ठेक्यांत पुढे, चार ठेक्यांत मागे. पाऊल लहान असेल तर ज्यांच्या लेझमी आपटतात ते थोडे सरकतात, पुढच्या फेरीत कमी आपटतात, दहाबारा फेऱ्यांत कुणीच कुणाला लागत नाही. शिक्षकांनी जागा आखून दिल्या नव्हत्या, आपटण्यानंच त्या आखल्या. पाऊल फार लांब केलं तर एकजण टळतो तोवर दुसरा लागतो, आणि हे वर्षभर चालू शकतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. शांत म्हणजे थांबलेले नव्हे. मुलं नाचतायत, घाम गाळतायत. भोवरेही चालतायत, व्होल्टेज येतंय, उष्णता बाहेर पडतेय. फक्त फेऱ्याच्या शेवटी हजेरी घेतली तर सगळे आपापल्या जागी. दुसरं असं की तुझ्या पेटीत पिन नसत्या तर काहीच घडलं नसतं. सगळ्यांना सारखंच बल, म्हणजे अख्खी जाळी एका तुकड्यासारखी पुढे जाऊन मागे आली असती. कुणी अडकतो, कुणी सुटतो, म्हणून शेजारी एकमेकांवर येतात.

भोवरा म्हणजे काय हे तुला माहीत आहे, पण धागा इतरही वाचतील म्हणून. शिसं किंवा पारा चुंबकीय क्षेत्राला आत येऊच देत नाही, क्षेत्र फार वाढलं की अतिवाहकताच मोडते. नायोबियमच्या मिश्रधातूंसारखे पदार्थ मात्र तडजोड करतात, क्षेत्राला बारीक बारीक नळ्यांमधून आत घेतात. प्रत्येक नळीत अभिवाह ठरलेला, 2.07 × 10⁻¹⁵ वेबर, ना कमी ना जास्त, आणि नळीभोवती विजेचा प्रवाह गरगरतो, म्हणून भोवरा. अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये सांगितलं की या नळ्या जाळी करून उभ्या राहतात; त्याचं नोबेल मिळायला 2003 उजाडलं. 1967 मध्ये एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी वर चुंबकीय धातूची अतिसूक्ष्म भुकटी बसवून ती जाळी फोटोत पकडली. 1 टेस्ला क्षेत्रात दोन शेजाऱ्यांत साधारण 49 नॅनोमीटर अंतर असतं. पदार्थातून वीज सोडली की भोवऱ्यांवर आडवं बल येतं. ते चालू लागले की व्होल्टेज तयार होतं, म्हणजे बिनरोधाचा तोरा संपला. एमआरआयच्या मशीनमध्ये नायोबियम-टायटॅनियमची तार असते, तिच्यात मुद्दाम टायटॅनियमचे बारीक कण राहू देतात ते यासाठीच, भोवऱ्यांना खिळे मारायला. माझं इथलं नावही त्यावरूनच.

खिळे एका बाजूला ओढतात, शेजारी दुसऱ्या बाजूला रेटतात आणि वरून विजेचा जोर, एवढ्यातून किती काय निघतं! जोर कमी असेल तर सगळे अडकलेले. थोडा वाढवला की काही जण सुटतात आणि अडकलेल्यांच्या मधून नद्यांसारख्या वाटा काढतात. हे सगळ्यात गोंधळाचं. भट्टाचार्य आणि हिगिन्स यांनी 1993 मध्ये नायोबियम डायसेलेनाइडवर हे सगळे टप्पे मोजून नकाशाच काढला. आणि जोर आणखी वाढवला, तर गोंधळ वाढायला हवा ना? उलट शिस्त येते. कोशेलेव्ह आणि विनोकुर यांनी 1994 मध्ये कारण सांगितलं. भोवरा वेगात असला की खिळ्यांचे धक्के इतक्या भराभर येऊन जातात की त्यांची सरासरी मरते. धक्क्यांचा परिणाम त्यांनी एका बनावट तापमानासारखा मांडला, जे वेगाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. सरांना तापमान हवंच असेल तर हे एक देऊन बघ. 1998 मध्ये पार्दो आणि सहकाऱ्यांनी चालत्या भोवऱ्यांचे फोटो काढले, तर काही ठिकाणी भोवरे रांगा धरून चाललेले, प्रत्येक रांग सरळ, पण शेजारच्या रांगेशी पाऊल जुळलेलं नाही. पालखी पुण्यातून निघते तेव्हा गर्दी नुसती घुसळत असते, आणि दिवे घाटात वरून बघितलं की दिंड्यांच्या ओळी दिसतात. मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा घाटच आठवला होता.

आता तुझा सरकणारा उंबरठा. 200, 1000, 5000, म्हणजे दरवेळी पाचपट. उंबरठा आधी 0.11 नं सरकला, मग 0.035 नं. उडी तिपटीहून थोडी जास्त लहान झाली. उंबरठ्याजवळ स्थिरावण्याचा वेळ अंतराच्या साधारण उणे 1.3 घातानं वाढतो असं धर. मग पाचपट थांबलीस तर तू उंबरठ्याच्या किती पटीने जवळ पोचशील? 5 चा 1/1.3 वा घात, म्हणजे 3.4. तुझी 3.1 आली. पुढची उडी 0.011 ची, तिच्यापुढची त्याहून बारीक, सगळ्या जोडल्या तर उंबरठा 0.78 च्या आसपास थांबायला हवा. तेव्हा कंटाळेपर्यंत वाट बघतेस हे खरं आहे, पण कंटाळा किती वेगाने यावा याचाच नियम तुझ्या तीन आकड्यांत दिसतोय. बग असा वागत नाही.

हे 1.3 मी खिशातून काढलेलं नाही. डायरेक्टेड परकोलेशनमध्ये (असल्या पिंजरेवाल्या ट्रान्झिशनचं सगळ्यात साधं मॉडेल), दोन मितींत, वेळेचा घातांक 1.295 आहे. भोवऱ्यांवर असला प्रकार सिम्युलेशनमध्ये 2008 साली मँगन आणि राइशार्ट दांपत्यानं दाखवला. प्रयोगात टोकियोच्या ओकुमा यांच्या गटानं 2011 मध्ये, मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या अनाकार फिल्मवर. त्यांची युक्ती मला फार आवडते. फिल्म तबकडीसारखी, वीज मधून सोडायची आणि काठाला काढायची. मध्याजवळ प्रवाह दाट, काठाला विरळ, त्यामुळे भोवरे गोल फिरताना आतले जोरात ढकलले जातात, बाहेरचे हळू, आणि एकमेकांना घासतात. आत काय चाललंय ते एकेक भोवरा बघून कळत नाही, व्होल्टेज किती फेऱ्यांत स्थिर होतं एवढंच मोजता येतं. तेवढं पुरतं. स्थिरावण्याचा वेळ उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंनी आकाशाला भिडतो, घातांक 1.3 च्या जवळपास.

पण तीन बिंदूंवरून घातांक काढलास तर मी स्वतः येऊन रिपोर्ट फाडीन. आणि पेटी लहान आहे. लहान पेटीत उंबरठ्याच्या वर असलीस तरी कधीतरी नशिबानं पिंजरा सापडतो आणि सगळं गप्प होतं. 64 बाय 64 ची कर, 2048 भोवरे. शेजारी शोधायला पेटीचे चौकोन पाडलेत ना? नसतील तर आधी ते, नाहीतर रिपोर्ट पुढच्या गणपतीत.

रात्रपाळी_भोवरा

दादा, हे वाचून आधी रडू आलं, मग 0.78 स्वतः काढून बघितलं. चौकोन पाडलेले नाहीत, प्रत्येक जोडी तपासतेय, आता लाज वाटतेय. एक विचारू? "परत आला नाही" हे मी 0.001 λ पेक्षा जास्त चुकला तर धरते. ही सीमा कुठून आणायची?

आणि डायरेक्टेड परकोलेशनच कशावरून? एका ठिकाणी मन्ना क्लास असं वाचलं.

कोलॉइडवाली

दुसऱ्याचं मी सांगते. माझं काम भोवऱ्यांवरचं नाही, घट्ट द्रवातल्या बारीक गोळ्यांवरचं आहे, पण हा विषय मुळात आमच्याकडूनच तिकडे गेला. 2005 मध्ये पाइन, गोलुब आणि मंडळींनी दोन नळकांड्यांमधल्या घट्ट द्रवात प्लास्टिकचे गोळे पुढे-मागे घुसळले. घट्ट द्रव उलटा फिरवला की सगळं परत जागेवर यायला हवं. थोड्या घुसळणीत येतही होतं, जास्तीत नाही. 2008 मध्ये कोर्ते आणि त्याच गटानं दाखवलं की गोळे आपटून आपटून स्वतःच न आपटणाऱ्या जागा शोधतात. वरची लेझीम तीच.

मन्नाचं असं. गोळे काय, भोवरे काय, नाहीसे होत नाहीत, संख्या कायम राहते. साध्या डायरेक्टेड परकोलेशनमध्ये असं राखून ठेवलेलं काही नसतं. म्हणून 2009 मध्ये गौतम मेनन आणि श्रीराम रामस्वामी यांनी म्हटलं की घुसळलेल्या गोळ्यांचा वर्ग (म्हणजे सारखे घातांक असणाऱ्यांचा गट) वेगळा हवा, संख्या राखणारा, म्हणजे कोलकात्याच्या मन्ना यांच्या वाळूच्या ढिगाच्या मॉडेलचा. मला त्यांचं पटतं. पण दोन मितींत आकडे बघ. सक्रिय कणांचं प्रमाण उंबरठ्याच्या वर ज्या घातानं वाढतं तो एकीकडे 0.58, दुसरीकडे 0.64. वेळेचा एकीकडे 1.295, दुसरीकडे 1.23 च्या आसपास. 512 भोवऱ्यांवर हा फरक तुला दिसणार नाही. रिपोर्टमध्ये "या वर्गांशी सुसंगत" एवढंच लिही आणि पुढे चल.

ही भांडणं पुण्याला परकी नाहीत. वाळूच्या ढिगांचं गणित ज्यांनी बसवलं ते दीपक धर आपल्या पाषाणच्या आयसरमध्ये होते, 2022 चं बोल्ट्झमन पदक त्यांना मिळालं, भारतातल्या कुणाला मिळालेलं ते पहिलंच. 2002 मध्ये त्यांनी आणि मोहंती यांनी दाखवलं होतं की वाळू थोडी चिकट केली की ढीग डायरेक्टेड परकोलेशनकडेच वळतो. तुझ्या पिनासुद्धा एक प्रकारचा चिकटपणाच, नाही का? हे माझं नुसतं मनातलं, रिपोर्टमध्ये घालू नकोस.

जुना_खिळा

सीमेचं सोपं आहे. एका फेऱ्यात फक्त गणनेमुळे किती चूक साठते ते आधी बघ. अगदी लहान d घे, दोन हजार फेरे शांत होऊ दे, मग उरलेला फरक मोज. सीमा त्याच्या दहापट ठेव. नंतर दुप्पट आणि निम्मी करून उंबरठा हलत नाही एवढं दाखव. आमच्याकडे ही सीमा निसर्गानंच घातलेली असायची, लिफ्ट नावाची.

कवायत_मास्तर

नमस्कार. मी निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, वय 71, भौतिकशास्त्राशी संबंध दहावीपर्यंत. नातवानं हा धागा दाखवला, "आजोबा, तुमच्या लेझमीवर शास्त्रज्ञ भांडतायत" म्हणून. तेव्हा थोडी दुरुस्ती.

मुलं दहाबारा फेऱ्यांत आपोआप जागा धरतात हे बरोबर, मी तीस वर्षं बघितलंय. आम्ही सुरुवातीला चुन्यानं ठिपके आखायचो. मग लक्षात आलं, ठिपके नसले तरी मुलं बसतात, उलट जास्त चांगली बसतात, कारण प्रत्येकाच्या हाताची लांबी वेगळी. पण आमच्या मैदानात मधोमध एक कडुलिंब आणि झेंड्याचा खांब होता. त्यांच्या जवळची मुलं सगळ्यात शेवटी स्थिर व्हायची, आणि आपटाआपटी परत सुरू झाली तर तिथूनच.

दुसरं, जे कुणी लिहिलं नाही. आम्ही सराव नेहमी लांब पावलाचा घ्यायचो. लांब पावलात न आपटता जमलं की कार्यक्रमात लहान पाऊल टाकलं तरी कुणी कुणाला लागत नाही, तालीम न घेताही. उलटं होत नाही. लहान पावलावर तयार झालेली रांग लांब पावलात लगेच बिघडते, आणि नेमकी सरावाच्या पावलापेक्षा जरा जास्त झालं की बिघडते. मैदानाच्या कडेला उभं राहून मी सांगू शकायचो, दुसऱ्या शाळेच्या पोरांनी कुठल्या पावलावर सराव केलाय.

ताईंना शुभेच्छा. रात्री जागू नका.

कोलॉइडवाली

मास्तर, तुम्ही शेवटी जे लिहिलंत त्याला आमच्यात मेमरी म्हणतात. 2011 मध्ये कीम आणि नागेल यांनी याच मॉडेलवर हे दाखवलं, की घुसळणीनं तयार झालेल्या मांडणीत किती अंतर घुसळलं होतं ते लिहिलेलं राहतं, आणि हळूहळू अंतर वाढवत नेलं की ते वाचून काढता येतं. तुम्ही मैदानाच्या कडेवरून वाचत होतात.

भोवराबाई, शनिवारच्या आत होण्यासारखं हेच आहे. 0.70 वर शांत होईपर्यंत चालव, ती मांडणी साठवून ठेव. मग दरवेळी तिथूनच सुरू करून एकेक फेरा, 0.50, 0.52 असं वाढवत. कितव्या d ला पहिल्यांदा कुणी चुकतो ते बघ.

जुना_खिळा

आणि कडुलिंबाचं लक्षात ठेव. गोळ्यांच्या मॉडेलमध्ये लहान पाऊल हा लांब पावलाचाच एक भाग असतो, म्हणून जमलेलं जमलेलंच राहतं. खिळे असले की तसं सरळ नाही. 0.70 च्या फेऱ्यात भोवरा खिळ्यावरून सुटून पलीकडे जाऊन परत येत असेल, 0.66 ला तो सुटायच्या आतच बल उलटतं, आणि परतीची वाट वेगळी. त्यामुळे वाचन थोडं पुसट येईल. पुसट आलं म्हणून घाबरून आलेख गुळगुळीत करू नकोस, तेवढाच भाग तुझा स्वतःचा आहे.

रात्रपाळी_भोवरा

शुक्रवार, रात्रीचे अडीच.

चौकोन पाडले. कोड अकरापट वेगात चालतोय, आणि मी चार महिने काय करत होते याचा विचार सध्या बंद ठेवलाय. टाइमस्टेप निम्मा करून झाला, उंबरठा हलला नाही (कट्टा काका, हे तुमच्यासाठी). सीमा 0.002 आणि 0.0005 करूनही तोच.

0.70 वर 3000 फेरे दिले, सगळे शांत. मग वाचायला घेतलं. 0.50 पासून 0.64 पर्यंत एकही चुकला नाही. 0.66 ला 2 चुकले, 0.68 ला 3, 0.70 ला परत शून्य, आणि 0.72 ला एकदम 29. ते 0.66 आणि 0.68 चे पाच कोण म्हणून त्यांच्या जागा छापून बघितल्या. पाचही पिनेला लागून. मास्तर, कडुलिंब!

दुपारी सरांना दाखवलं. तापमान घातलं तर काय होतं तेही करून नेलं होतं, थोडासा नॉइज घालून. उंबरठा खरंच विरघळून जातो, सक्रिय भोवऱ्यांचं प्रमाण शून्याला टेकतच नाही. ते दोन आलेख सरांनी बराच वेळ शेजारी शेजारी धरले. मग म्हणाले, "शीर्षक राहू दे. घातांक छापू नकोस. आणि 0.70 ला शून्य येतंय ते आणखी पाच सुरुवाती घेऊन दाखव, एकावर विश्वास ठेवणार नाही." ट्रॅफिकचा विषय निघाला नाही.

64 ची पेटी लावली आहे, 0.74 ते 0.82, नऊ किमती. पाचवी चालू आहे. वही आता लॅपटॉपखालून काढून दोन विटा लावल्यात.